रिकामी पुंगळी आणि राजसत्ता

फौजदारी न्यायालयांत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांस पंचनाम्यातील एक ठराविक वाक्य तोंडपाठ असते. घटनास्थळी एक पितळी रिकामी पुंगळी मिळून आली, ती पंचांसमक्ष कागदात गुंडाळून मोहरबंद केली. आमच्या दृष्टीने त्या पुंगळीचे आयुष्य तेथेच संपलेले असते. तिच्या बुडावर घोड्याच्या खिळीची जी खूण उमटलेली असते, तेवढी काय ती तज्ज्ञाच्या तोंडून साक्ष देते. बाकी ती पितळेची एक निरुपयोगी टोचणी होय. परंतु अमेरिकेत अशी पुष्कळ घरे आहेत की, जेथील गृहस्थ शिकारीहून परतताना हीच पुंगळी खिशात जपून आणतो, पुसून डब्यात ठेवतो, आणि हिवाळ्यातील एखाद्या रात्री तळघरातल्या मेजापाशी बसून ती पुन्हा भरतो. एकच वस्तू एका देशात मुद्देमाल आणि दुसऱ्या देशात घरचे भांडवल. हा भेद कोठून उत्पन्न झाला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांस असे आढळले की, या क्षुल्लक वस्तूने दोन खंडांतील राज्यकर्त्यांची झोप उडवली होती, आणि त्यांनी केलेले कायदे वाचल्याखेरीज तिचा इतिहास पुरा होत नाही.

काडतूस हा शब्द उच्चारताच आपल्याकडील वाचकास १८५७ साल आठवते. ते काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी फोडावे, आतील दारू नळीत ओतावी, वरून गोळी घालून गजाने ठासावी, अशी रीत होती. या पद्धतीत बंदूकवाल्याचे परावलंबन थोडे होते. दारू कुटणारे गावोगाव होते, शिसे कोठेही वितळे. पुढे पाठीमागून भरायच्या बंदुका आल्या आणि कागदाची जागा धातूच्या पुंगळीने घेतली. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी ही तिन्ही एकाच पितळी कवचात बंदिस्त झाली. शिपायाची सोय झाली खरी. पण त्याबरोबर बंदुकीची दोरी कारखान्याच्या हाती गेली. रानातल्या माणसाला पुंगळी घडविता येत नाही. पुंगळीचा पुरवठा तोडला म्हणजे त्याच्या हातातील उत्तम रायफल ही निव्वळ काठी. सरकारांना हे फार लवकर उमगले.

या हिशेबात एक गोष्ट मात्र त्यांनी धरली नव्हती. टोपी पुंगळीच्या बुडात कशी बसवावी याविषयी १८६० नंतरच्या दशकात दोन युक्त्या निघाल्या. वुलिच येथील शस्त्रशाळेतील एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने टोपीच्या आतच तिची ऐरण बसविली आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक ठेवले. हायरम बर्डन या अमेरिकनाने ऐरण पुंगळीच्याच बुडात घडविली आणि तिच्या बाजूंना दोन बारीक भोके पाडली. नियतीची गंमत अशी की, इंग्रजाची युक्ती अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपाने. बॉक्सरच्या पुंगळीचे भोक मध्यावर असल्यामुळे जळून गेलेली टोपी आतून एक खिळा सारून सहज बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीत ते काम त्रासाचे. अमेरिकेत घरोघर पुंगळ्या भरण्याची चाल पडली आणि युरोपात ती तितकी पडली नाही, याची अर्धी मीमांसा या एका भोकात आहे.

उरलेली अर्धी पुंगळीच्या आकारात आहे. १८७३ साली अमेरिकन सैन्याने स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रशाळेची नवी रायफल स्वीकारली. तिच्या काडतुसास ‘पंचेचाळीस-सत्तर’ म्हणतात. गोळीची जाडी इंचाचे पंचेचाळीस शतांश, आणि दारू सत्तर ग्रेन. गोळी ४०५ ग्रेन शिशाची. आपल्या जुन्या मापाने बरोबर सव्वादोन तोळे! दारू साडेचार माशांहून किंचित अधिक. पुंगळी दोन इंचांहून थोडी लांब, बुडाला कडा असलेली, आणि तोंडापर्यंत जवळजवळ सरळ. पुढे ज्या रायफली आल्या त्यांच्या पुंगळ्यांना बाटलीसारखे खांदे आणि मान असे. हिला ते काही नव्हते. बार उडताना पितळ फुगून कोठीच्या भिंतींना चिकटते. पुन्हा भरण्यापूर्वी ते साच्यात दाबून मूळ मापाचे करावे लागते. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत खांदा केसभर पुढेमागे झाला तरी बिघाड होतो. सरळ पुंगळीला खांदाच नसल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. तोंड रुंद, म्हणून साफ करणे सोपे. गोळी शिशाची, म्हणून ती चुलीवर ओतता येते. एखाद्या कारागिराने जणू पुन्हा भरण्यासाठीच ती कल्पिली असावी असे वाटते. तसे मात्र नव्हते. सैन्याची पहिली काडतुसे तांब्याची होती आणि टोपी आतल्या बाजूस दडवलेली होती. ती एकदाच वापरून फेकावयाची. बाहेरून टोपी बसविण्याची, पुन्हा भरता येण्याजोगी पुंगळी सैन्यात रूढ झाली ती १८८० नंतर, आणि मग सरकारनेच आपल्या ठाण्यांना भरण्याची हत्यारे दिली. नेमबाजीच्या सरावासाठी नवी काडतुसे खर्ची घालणे त्यांना परवडत नव्हते.

सैन्याच्या आधी हे काम शिकारी करू लागले होते. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण गौरव आणि कलंक दोन्ही तेथे एकत्र नांदतात. १८७१ च्या सुमारास अमेरिकेतील कातड्याच्या कारखान्यांना रानरेड्याचे, म्हणजे बायसनचे, कातडे कमाविण्याची रीत साधली आणि मैदानी मुलखात हजारो शिकारी उतरले. त्यांच्या हाती शार्प्स कंपनीच्या बारा-पंधरा पौंड वजनाच्या रायफली असत, आणि त्यांपैकी पुष्कळ रायफली मोठ्या सरळ पुंगळीच्या. रेल्वेच्या ठाण्यापासून शेकडो मैल दूर तयार काडतुसे नेणे महाग आणि जड. म्हणून गाडीत दारूची पिंपे, शिशाच्या लगडी आणि टोप्यांचे डबे भरून ते निघत. दिवसा मारावे, तिसऱ्या प्रहरी कातडी सोलावी, आणि रात्री शेकोटीच्या उजेडात शिसे वितळवून गोळ्या ओताव्या, दिवसभरात रिकाम्या झालेल्या पुंगळ्या भराव्या, असा क्रम. शिशात थोडे कथील घालून ते कठीण करीत. काहीजण गोळीला कागदाचे वेष्टन देत. हा काटकसरीचा धडा होता यात संशय नाही. पण त्या काटकसरीमुळेच एकेका बाराचा खर्च इतका उतरला की, एक जनावर मारणे कातड्याच्या किमतीपुढे काहीच वाटेना. दक्षिणेकडील कळप १८७९ पर्यंत संपले, उत्तरेकडील १८८३ पर्यंत. कोट्यवधींच्या संख्येने जो प्राणी होता, त्याची १८८९ साली विल्यम हॉर्नडे यांनी गणना मांडली तेव्हा ती सुमारे एक हजारावर आली होती. शेकोटीशेजारी भरलेल्या पुंगळीचा हा जमाखर्च झाकून ठेवता येत नाही.

रानरेडा गेला तसा त्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचा आधार गेला. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन लोकांनी कस्टर या सेनानीस त्याच्या तुकडीसह गाठले आणि अडीचशेंहून अधिक सैनिक पडले. सैनिकांच्या बंदुकीत तांब्याच्या पुंगळ्या अडकून बसत, त्या चाकूने खरवडून काढाव्या लागत, म्हणून पराभव झाला, अशी समजूत पुढे दीर्घकाळ चालली. तिचा निकाल शंभराहून अधिक वर्षांनी लागला. १९८३ साली त्या माळाला वणवा लागून गवत जळाले, जमीन उघडी पडली, आणि पुढील वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी तेथे रीतसर उत्खनन सुरू केले. सापडलेल्या प्रत्येक पुंगळीची जागा नकाशावर नोंदली, आणि खिळीच्या खुणा ताडून कोणती बंदूक कोठून कोठे सरकली हे काढले. आमचे ठसेतज्ज्ञ एका खुनाच्या खटल्यात जे करतात, ते त्यांनी एका अख्ख्या लढाईचे केले. खरवडल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या मोजक्याच निघाल्या. तेव्हा पराभवाचे खापर तांब्यावर फोडणे पुराव्यात टिकत नाही. शंभर वर्षे बोलणारा साक्षीदार आम्ही दुसरा पाहिला नाही.

लढाईनंतर दोन महिन्यांच्या आतच, ऑगस्ट १८७६ मध्ये, अमेरिकन विधिमंडळाने एक संयुक्त ठराव केला. आम्ही वकील असल्याने त्याच्या शब्दांपेक्षा त्यामागील गृहीतक आम्हांस अधिक बोलके वाटते. शत्रुत्व करणाऱ्या टोळ्यांकडील बंदुकांना विशिष्ट धातूची काडतुसे लागतात. ती त्यांस मिळू नयेत यासाठी राष्ट्राध्यक्षांनी उपाय योजावे. म्हणजे बंदूक काढून घेता येत नाही, तर तिचा दाणापाणी तोडा. परंतु सैन्यातच उभा जन्म काढलेले कर्नल रिचर्ड डॉज यांनी १८८२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या उपायाचे फलित नोंदले आहे. ज्या लोकांना अडाणी समजून हा ठराव झाला, ते फेकलेल्या पुंगळ्या गोळा करीत, बुडाला भोक पाडीत, त्यात जुन्या बंदुकांसाठी मिळणारी साधी टोपी चपखल बसवीत, आणि तीच पुंगळी पुनःपुन्हा भरीत. विधिमंडळाचा ठराव एका सुईच्या छिद्रातून निसटला.

या ठरावाला दोन वर्षे होतात तोच, १८७८ साली, आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. त्याच्या अन्यायाविषयी आपल्या पुढाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे आम्ही केवळ त्याच्या व्याख्येकडे लक्ष वेधतो. दारूगोळा या शब्दात त्या कायद्याने बंदुकीच्या टोप्या घातल्या, दारूगोळ्याचे सर्व सुटे भाग घातले, तो बनविण्याची यंत्रे घातली. आणि शिसे, गंधक व सोरा हे तिन्ही पदार्थ स्पष्ट शब्दांत वगळले. मसुदा लिहिणाऱ्याचे डोके थंड होते. सोरा जुन्या भिंतींना आपोआप येतो, गंधक वैद्याच्या फडताळात असते, शिसे कोळ्याच्या जाळ्यालाही लागते. यांवर बंदी घालून कोणाचे काय अडणार? जे घरी होत नाही त्यावर बोट ठेवावे. घरी होत नाही ती टोपी आणि पुंगळी. लाकोटा लोकांनी अमेरिकन सरकारला जी फट दाखविली होती, ती या व्याख्येत आधीच बुजविलेली दिसते. एव्हाना पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना चालू होता. माल भरपूर होता, तो कोणाच्या हाती पडतो एवढाच प्रश्न होता.

वायव्य सरहद्दीवर तो प्रश्न बिकट झाला. मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश सैन्याची रायफल. तिचीही गोळी पंचेचाळीस शतांश इंचाची. सैन्याने ती टाकून नवी घेतली तरी जुन्या पुष्कळ रायफली टोळीवाल्यांकडे गेल्या होत्या, आणि दर्रा आदमखेलचे कारागीर तर हातानेच बंदुका घडवीत. दुसरीकडे, जॉन रिग्बी या लंडनच्या बंदूककर्त्याने १८९८ साली मोठ्या शिकारीसाठी .४५० ची नवी रायफल काढली. पुंगळी सव्वातीन इंच लांब व सरळ, आत बिनधुराची दारू. हत्ती-वाघांच्या शिकारीस ती इतकी मानवली की, साहेब लोक आणि संस्थानिक तिच्यावर लुब्ध झाले. सरकारला मात्र वेगळेच दिसले. शिकाऱ्याच्या .४५० च्या काडतुसातील गोळी उपसली की ती मार्टिनीच्या रिकाम्या पुंगळीत बसविता येते! म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात या मापाच्या खासगी काडतुसांवर बंदी आली. लंडनच्या बंदूककर्त्यांनी हात जोडून बसण्याऐवजी केसभर जाड गोळीची नवी मापे काढली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील ज्या वाचकांनी संस्थानी शिकारखान्यांतील दुनळी रायफली पाहिल्या असतील, त्यांस .४७० हा आकडा परिचित असेल. त्या आकड्याचा उगम शिकारीच्या गरजेत नाही. डोंगरातला कोणी एक माणूस रिकाम्या पुंगळीपाशी बसून काय करील, या भीतीत तो आहे.

अमेरिकेत याच काळात उलटा प्रवाह वाहत होता. कनेक्टिकट संस्थानातील न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी १८८४ साली ‘आयडियल’ नावाचा कारखाना काढला. त्यांचे हत्यार आपल्या अडकित्त्यासारखे. दोन दांडे दाबले की जुनी टोपी निघे, नवी बसे, पुंगळीचे तोंड आवळले जाई; काही नमुन्यांत गोळी ओतण्याचा साचाही त्याच दांड्यांना जोडलेला. शेतकऱ्याने ते कोटाच्या खिशात टाकावे आणि वर्षभर घरचे काम घरी करावे. त्यासोबत बार्लो एक पुस्तिका काढीत. तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पुढे कारखाना मार्लिनकडे आणि १९२५ साली लायमन कंपनीकडे गेला.

घरगुती उद्योगाचे कौतुक करताना त्यातील धोका सांगितला नाही तर आम्ही पक्षपाती ठरू. काळ्या दारूच्या दिवसांत चूक होण्यास फारशी जागा नव्हती, अगदी शब्दशः नव्हती. सत्तर ग्रेन दारू घातली की पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत भरे. चुकून दुसऱ्यांदा घालू गेल्यास ती मेजावर सांडे. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि हा नैसर्गिक पहारा उठला. नवी दारू बळाने मोठी, आकाराने लहान. रुंद सरळ पुंगळीच्या तळाशी ती चिमूटभर दिसते. घरातल्या कोणी हाक मारली, लक्ष उडाले, आणि तीच पुंगळी दुसऱ्यांदा भरली गेली तर वरून गोळी बसल्यावर काही कळत नाही. कळते ते नळी फुटल्यावर. त्यात पुन्हा पंचेचाळीस-सत्तर हे काडतूस दीर्घायुषी ठरले. सैन्याने १८९२ साली बारीक मापाची रायफल स्वीकारली, तरी १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक पलटणी याच जुन्या रायफली घेऊन गेल्या; आणि मार्लिन कंपनीने १९७२ साली या मापाची नवी रायफल बाजारात आणली. एकाच नावाचे काडतूस १८७३ च्या नाजूक बंदुकीतही बसते आणि आजच्या पोलादी बंदुकीतही. म्हणून तिकडील जबाबदार पुस्तकांत दारूचे तक्ते तीन निरनिराळ्या पायऱ्यांवर छापतात: जुन्या स्प्रिंगफील्डसाठी, मध्यम बळाच्या रायफलींसाठी, आणि सर्वांत भक्कम रायफलींसाठी. खालच्या पायरीवरील मनुष्याने वरचा तक्ता वापरला तर त्याला कायदा शिक्षा करीत नाही, बंदूकच करते.

कायद्याचा विषय निघालाच आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने विक्रीसाठी दारूगोळा बनविणाऱ्यास परवाना सक्तीचा केला. स्वतःच्या वापरासाठी घरी भरणाऱ्यास तो लागत नाही. आपल्या १९५९ च्या अधिनियमाने विदेशी सत्तेचा कायदा रद्द केला, तरी व्याख्येचा सांगाडा बव्हंशी तोच राखला. दारूगोळ्याचे भाग आणि तो बनविण्याची यंत्रे आजही दारूगोळ्यातच मोडतात आणि निर्मितीस परवाना लागतो. आम्ही हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. ज्या गावांतील भांडणे आमच्या दप्तरांत येऊन पडतात, ती पाहता घरोघर काडतुसे भरली जावीत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु लिटनच्या माणसाने जिंकलेल्या प्रजेसाठी लिहिलेली व्याख्या स्वतंत्र राष्ट्राने जवळपास तशीच उतरवून घेतली, आणि तिच्यामागची भीती आपलीही आहे काय हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही, एवढे मात्र नोंदून ठेवावेसे वाटते.

तिकडे अलीकडे एक नवल घडले आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील सपाट आणि दाट वस्तीच्या संस्थानांत हरणाच्या शिकारीस रायफल वर्ज्य होती, कारण बाटलीच्या आकाराच्या पुंगळीतून सुटलेली वेगवान गोळी शेजारच्या गावापर्यंत जाते. ओहायो आणि मिशिगन यांनी २०१४ साली, आयोवाने २०१७ साली सरळ पुंगळीच्या रायफलींस मुभा दिली. जड गोळी लवकर खाली येते, हा आधार. पुंगळीच्या भिंतीचा आकार कायद्याच्या कलमात जाऊन बसल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. लगेच २०१९ साली विंचेस्टर कंपनीने या नियमांत बसणारे नवे सरळ काडतूस काढले. .४५० वर बंदी येताच .४७० काढणारे लंडनचे बंदूककर्ते येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

आणि तरीही दोरीचे एक टोक कारखान्याच्याच हातात आहे. २०२० मध्ये महामारी आली, तेव्हा अमेरिकेत टोप्या बाजारातून दिसेनाशा झाल्या आणि तो तुटवडा बराच काळ टिकला. ज्यांच्या डब्यांत शेकडो पुंगळ्या, कोनाड्यात शिशाच्या लगडी आणि फळीवर दारू होती, ते गृहस्थ हरभऱ्याच्या डाळीएवढ्या एका टोपीसाठी दुकानोदुकानी फिरले. सिंधुदुर्गात ज्या शेतकऱ्यांना रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, त्यांना ही गोष्ट सांगितली तर नवल वाटणार नाही. शिसे त्यांच्याकडे असते, छरे ते ओतून घेतात. पण केपा परवान्यावर लिहिलेल्या आकड्याइतक्याच मिळतात, आणि त्याही दुकानदाराने वहीत नोंद केल्यावर.